बारमाही हिरवं अंगण: रोप नेण्याआधी दोन मिनिटं वाचा

गणपतीला गावी आलेले चाकरमानी आमच्या रोपवाटिकेत शिरले की मागणी ठरलेली असते. “बारा महिने हिरवं राहील, पान गळणार नाही आणि बघावं लागणार नाही असं झाड द्या.” यातलं पहिलं मिळतं. दुसरं नाही, कारण सदाहरित झाडही पानं टाकतंच, फक्त सगळी एकदम टाकत नाही. फणसाखाली, बकुळीखाली वर्षभर झाडू फिरवावा लागतो. आणि तिसरं, निदान पहिली दोन वर्षं, विसरा.

पांढरा चाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो. तो “मेला” म्हणून दरवर्षी कुणीतरी फोन करतं. बारमाही पानं हवी असतील तर सोनचाफा न्या.

घर समुद्रापासून किती लांब?

आम्ही आधी हे विचारतो, आवड नंतर. खारा वारा थेट लागत असेल तर पश्चिमेकडची पहिली रांग उंडी, भेंड किंवा सुरूची हवी. उंडीचं पान जाड आणि चकचकीत, मीठ त्याला फारसं बाधत नाही. तिच्या बियांचं तेल पूर्वी होड्यांना लावत, म्हणजे या झाडाची आणि समुद्राची ओळख जुनी आहे. बकुळही खारा वारा सोसते, पण वाढायला सावकाश, घाई असलेल्यांनी नादी लागू नये. या रांगेच्या आडोशाला, घराच्या अंगाला मग सुरंगी, सोनचाफा, सीताअशोक, कोकम लावा.

आमचीच एक चूक सांगतो. एका घराच्या पश्चिम कुंपणाला आम्ही खोट्या अशोकाची रांग लावून दिली होती, चांगली सहा-सात फुटी रोपं, दिसायला देखणी. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि अर्धी रांग आडवी झाली. उचलून बघितलं तर मुळं पिशवीच्या आकारात तशीच गोल गुंडाळलेली, एकही जांभ्यात (इथल्या तांबड्या दगडात) शिरलेलं नाही. तेव्हापासून आम्ही दीड-दोन फुटांच्या वरचं रोप सहसा देत नाही. त्यात आमचे पैसे कमी होतात, पण छोटं रोप जागेवरच मुळं पसरतं आणि तीन-चार वर्षांत मोठ्याला गाठतं.

माती कोणती?

तांबड्या जांभ्याच्या मातीत आंबटपणा असतो. अनंत, पेंडगुळ यांना ती मानवते. पण घर पुळणीवर असेल, वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल, विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर हीच झाडं पिवळी पडतात: पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता, खत वाढवून जात नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला 5 ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, हे संध्याकाळी पानांवर फवारा. दरवर्षी हा उपद्व्याप नको असेल तर तिथे अनंत जमिनीत न लावता कुंडीत ठेवा.

कुंपणाला काटेरी हवं तर करवंदासारखं दुसरं नाही. फळं मुलांना, काटे गुरांना. अडुळसाही चालतो, बकऱ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. बिनकाटेरी आणि सुवासिक हवं तर कुंती. कण्हेर खाऱ्या वाऱ्यात छान तगते, पण पानापासून मुळापर्यंत विषारी आहे. गोठा किंवा रांगती मुलं असतील तर आम्ही ती देत नाही, आग्रह करू नये.

कोकमाबद्दल थोडं जास्त

अंगणासाठी आमचं आवडतं झाड. कोवळी पालवी लाल, आकार आपोआप देवळाच्या कळसासारखा निमुळता. बी टाकून वाढवलेल्या झाडांतली जवळपास निम्मी नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षं जातात. म्हणून कलमच न्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या “कोकण अमृता” आणि “कोकण हातीस” या जाती आहेत. कलम घेताना काडी कुठली हे विचारा. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी असेल तर झाड उंच निमुळतं होतं, बाजूच्या फांदीची असेल तर ते झुडपासारखं जमिनीलगत पसरतं. दोन्ही फळतात, पण खिडकीसमोर पसरलेलं कोकम नंतर कुरकुरायला लावतं.

लावणी आणि पाणी

मिरगाचा पाऊस जमिनीत मुरला की लावा. मोठ्या झाडाला तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा. कातळ लागला तर पहारीने निदान तळाला भेगा पाडा, नाहीतर खड्ड्याची बादली होते आणि मुळं कुजतात. माती, शेणखत, थोडा पातेरा (सुकलेला पाला) भरा. कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या, जोडाची पट्टी सोडायला विसरू नका, जोडाखालच्या खुंटावर फुटलेले कोंब खुडत राहा. गणपतीत लावलं तर मुळं धरायला पाऊस कमी मिळतो, तेव्हा दसऱ्यापासूनच पाण्याची सोय हवी.

खरी परीक्षा मार्च ते मे, तीही बंद घराची. आठवड्याला 15 ते 20 लिटर पाणी घालणारा माणूस शेजारी नसेल तर यंदा कमी झाडं न्या. बुंध्याशेजारी कच्चं मडकं पुरून भरून ठेवलं तर पाणी हळूहळू पाझरतं. पातेरा जाळू नका, आळ्यात पसरा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते. कोवळ्या रोपाला पश्चिमेकडून झावळीचा आडोसा करा.

आंब्या-फणसाच्या बुंध्यातून भुसा पडताना दिसला तर भिरूड (खोड पोखरणारी कीड) आत शिरलं आहे, त्याच आठवड्यात आम्हाला सांगा. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढा, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा. मे महिन्यात दाट फांद्या विरळ करा, वारा आरपार जाऊ द्या. जाड फांदी कापल्यावर त्या जागेला बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

येताना जागेचे मोबाईलवर दोन फोटो आणि मूठभर माती आणा. दुचाकीवरून रोप नेणार असाल तर गोणपाटही. घरी पोचेपर्यंत वारा कोवळी पानं फाडतो.