अभ्यासक्रमातून शाश्वतता : मराठवाड्यातील विद्यापीठीय शिक्षण

शाश्वत विकासाचा विचार एका वेगळ्या पेपरात कोंडून न ठेवता वाणिज्य, विधी, इतिहास, रसायनशास्त्र, अभियांत्रिकी अशा सर्वच विषयांच्या अध्यापनात मुरवण्याची पद्धत. पर्यावरण शिक्षण आंतरविद्याशाखीय असावे, ही भूमिका १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने घेतली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून जाहीर केले.

भारतात मात्र पेपरच आधी आला. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्व स्तरांवर पर्यावरण शिकवण्याचे निर्देश दिले. कालांतराने विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम आखला. हेतू चांगला होता, पण पेपर सक्तीचा होताच बाकीच्या विषयांची जबाबदारी संपल्यासारखी झाली. विद्यार्थ्यांच्या लेखी तो पासिंगपुरता पेपर उरला आणि ‘परिसर प्रकल्प’ झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाला श्रेयांक मिळू लागल्याने हा विचार विषयाविषयांत नेण्याची वाट निदान कागदावर तरी मोकळी झाली आहे.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९५८), परभणीचे कृषी विद्यापीठ (१९७२) आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ (१९९४) ही प्रमुख सार्वजनिक विद्यापीठे आहेत. इथे सर्व विषयांना बांधणारा धागा शोधत बसावे लागत नाही. तो पाणी हाच आहे.

एक गणित पुरेसे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. विभागाची पावसाळी सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर धरली, तर महाविद्यालयाच्या १,००० चौरस मीटर गच्चीवर ६ लाख ८० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी साडेपाच लाखांच्या आसपास उरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून दुष्काळी लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. सांख्यिकीचा शिक्षक इथे सरासरीचा फोलपणाही दाखवू शकतो, कारण हा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मधे आठवडेच्या आठवडे ओढ देतो. एवढे पाणी साठवायला टाकी केवढी, हा स्थापत्य अभियांत्रिकीचा प्रश्न; ते बोअरमध्ये सोडले तर काळ्या पाषाणाच्या भेगांत किती जिरेल, हा भूशास्त्राचा. खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, हे वाणिज्यवाल्यांनी सांगायचे.

गावाचा पाण्याचा ताळेबंद हे या पद्धतीचे सर्वांत उपयोगी साधन. पाऊस जमेच्या बाजूला. पिके, माणसे, जनावरे आणि बाष्पीभवन खर्चाच्या. ऊस खर्चाच्या रकान्यात आला की वर्गात वाद पेटतो, कारण अनेकांच्या घरची फी उसाच्या बिलातून भरलेली असते आणि बीडसारख्या जिल्ह्यातील काहींचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन तोडीला जातात. अर्थशास्त्राने हा वाद टाळू नये.

विधी शाखेसाठी महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ आहे. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला की नाशिक–अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा तंटा उभा राहतो. या कायद्यातले समन्यायी वाटप म्हणजे काय, ते त्यातून शिकता येते. इतिहासाला मलिक अंबरच्या काळातील नहर (पाणी आणणारे भूमिगत कालवे) आणि नंतरची पाणचक्की छत्रपती संभाजीनगर शहरातच सापडतात.

अडचणी बऱ्याचशा प्रशासकीय आहेत. अभ्यासक्रम ठरवते अभ्यास मंडळ. संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाला त्यात फारशी मोकळीक नसते आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला गावात जाण्याचे मानधन कोण देणार, हा प्रश्न उरतोच. दुसरी अडचण वेळापत्रकाची. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्यातली मेची नोंद सर्वांत बोलकी, पण तेव्हा विद्यार्थी परीक्षेत किंवा सुट्टीवर असतात. सहा महिन्यांच्या सत्रात पाण्याचे वर्ष मावत नाही. म्हणून ताळेबंदाची वही एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपवणे आणि मेची मोजणी गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे देणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग आहे.