हॅलोजनच्या घरात एलईडी

जुन्या गाडीचा उजेड कमी वाटू लागला की बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला: हॅलोजन काढायचा आणि त्याच खोबणीत एलईडी बल्ब बसवायचा. खोक्यावर हजारो ल्युमेन छापलेले असतात, गॅरेजच्या भिंतीवर उजेडही लख्ख पडतो. रात्री घाटात मात्र समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत जातो.

असं का होतं, हे एच४ बल्ब, म्हणजे अप्पर-डिपर दोन्ही एकाच काचेत असलेला हॅलोजन, उघड्या डोळ्यांनी पाहिला तरी कळतं. त्यात दोन फिलामेंट असतात: अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची, ६० वॉटची आणि डिपरची, म्हणजे खाली झुकलेल्या झोताची, ५५ वॉटची. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचा भागच कामाला येतो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. रिफ्लेक्टरचा वक्र त्या फिलामेंटची जागा धरून घडवलेला असतो. तिथे एक मिलिमीटरसुद्धा फार झाला. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. पट्टीला जाडी असल्यामुळे त्या नेमक्या मध्यावर येत नाहीत, आणि फिलामेंटसारखा चहूबाजूंनी उजेडही देत नाहीत. मग काही प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर जातो, काही समोरच्याच्या डोळ्यांत. आपल्या बॉनेटपुढे पांढराशुभ्र पट्टा पडतो, त्याने आपलीच बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं.

खरं तर बल्बला हात लावण्याआधी वायरिंग तपासावं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. गंजलेल्या जोडांत आणि बारीक तारांत १० टक्के व्होल्टेज गळालं, तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो! अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. जाड तार, एक रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्वच्छ अर्थिंग एवढ्यावर जुना हॅलोजन पुन्हा तरतरीत होतो. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर मात्र कुठलाच बल्ब उपयोगाचा नाही.

एलईडीची उष्णता पुढे न जाता मागे, चिपच्या बुडाशी साठते. म्हणून मागे पंखा किंवा धातूच्या पात्या लागतात. धूळ आणि चिखलाने पंखा अडकला की चिप तापते, उजेड उतरतो. उलट हॅलोजन आपल्या उष्णतेने पुढची काच वाळवत असतो. पावसाळ्यात एलईडी लावलेल्या जुन्या दिव्यात बाष्प धरून राहतं ते यामुळेच.

आता धुकं. पिवळा प्रकाश धुकं भेदतो, हा समज पक्का आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे पुढचे दिवे पिवळेच असत. तर्क असा की आकाशात निळा प्रकाश जास्त विखुरतो, तसाच तो धुक्यातही विखुरेल आणि पिवळा पार जाईल. पण आकाशाला निळं करणारं विखुरणं हवेच्या रेणूंचं असतं. धुक्याचे थेंब सहसा काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दहा मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा इतकाच की निळसर पांढऱ्याइतका तो डोळ्यांना खुपत नाही. फॉगलॅम्पची खरी करामत त्याच्या जागेत आणि आकारात आहे: बंपरच्या खाली, झोत रुंद, बसका, वर कापलेला. डोळ्यांच्या रेषेपासून जितका दूर, तितका थेंबांवरून उलटून येणारा उजेड कमी. टपावर एलईडीची लांब पट्टी लावून आंबोलीच्या धुक्यात शिरणाऱ्याला फक्त पांढरा पडदा दिसतो.

एलईडीच हवे असतील तर अख्खा दिवा बदलावा. सात इंची गोल दिव्यांच्या जुन्या जीपसाठी स्वतःची भिंग-रचना असलेले पूर्ण एलईडी दिवे मिळतात, पण घेताना भिंतीसमोर लावून पाहा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डिपरची वरची कड डाव्या बाजूला चढलेली हवी. उजवीकडे चढत असेल तर तो दिवा उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनवलेला आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा.