कॉर्डलेस दूरध्वनी व त्याची बॅटरी : सीमाभागातील घरगुती वापर

कॉर्डलेस दूरध्वनी म्हणजे घरातील स्थिर दूरध्वनीच्या जोडणीवरच चालणारे, परंतु हातात धरावयाचा भाग तारेने जखडलेला नसलेले उपकरण होय. त्याचा बेस एका बाजूने दूरध्वनीच्या तारेला आणि दुसऱ्या बाजूने, अडॅप्टरमार्फत, घरच्या २३० व्होल्टच्या विजेला जोडलेला असतो. हँडसेट मात्र बेसशी रेडिओलहरींनी संपर्क ठेवतो आणि आपल्या पोटातील पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालतो. तारेच्या साध्या फोनला दूरध्वनी केंद्राकडून येणारा सुमारे ४८ व्होल्टचा दाब पुरतो. कॉर्डलेसला तार, घरची वीज आणि बॅटरी अशा तिघांचीही गरज लागते. या उपकरणापायी घरात जे काही बिघडते किंवा धोक्याचे ठरते, ते बहुतेक यांतील तिसऱ्या घटकाशी निगडित असते, म्हणून या नोंदीत बॅटरीचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

बेळगाव जिल्ह्यात (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) शहरात तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या तालुक्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जुन्या घरात फोनची तार बहुधा सोप्यातच येऊन थांबलेली असते. पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या मुलांचा फोन आला की माडीवरच्या किंवा माजघरातल्या म्हाताऱ्या माणसाला धावत सोप्यात यावे लागू नये, हा अशा घरात कॉर्डलेस घेण्याचा मुख्य हेतू असतो. वृद्ध माणूस घाईने जिना उतरताना पडण्याचा धोका त्यामुळे टळतो, आणि ही या उपकरणाची मोठी सोय मानली पाहिजे.

जॉर्ज स्वीगर्ट या अमेरिकन संशोधकाला १९६९ मध्ये अशा प्रकारच्या बिनतारी जोडणीचे पेटंट मिळाले. घरोघरी ही उपकरणे १९८० नंतर पोहोचली. सुरुवातीच्या अनुरूप, म्हणजे ॲनालॉग, संचांत संरक्षण असे जवळजवळ नव्हतेच, आणि शेजारच्या घरातील तशाच हँडसेटवर आपले बोलणे ऐकू जाण्याची शक्यता असे. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने १९९२ मध्ये आणलेल्या डेक्ट या अंकीय मानकात हँडसेटची ओळख पटवण्याची आणि संभाषण सांकेतिक करण्याची सोय आली. त्याचा मूळ पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ असा आहे. आयआयटी मद्रास येथे याच मानकावरून कॉरडेक्ट ही ग्रामीण दूरध्वनीची पद्धत विकसित करण्यात आली, तिची घरगुती कॉर्डलेसशी गल्लत करू नये. डेक्ट हँडसेटची प्रक्षेपणशक्ती क्षणिक २५० मिलिवॅट असली तरी तो आपल्या वाट्याच्या अल्प वेळातच प्रक्षेपण करत असल्याने बोलताना तिची सरासरी सुमारे १० मिलिवॅटच भरते.

या संचाचा पल्ला मोकळ्यावर सुमारे ३०० मीटर आणि घरात सुमारे ५० मीटर असा सांगितला जातो. जांभ्या दगडाच्या हात-दीड हात रुंदीच्या भिंती आणि वरचे लोखंडी पत्रे लहरींना अडवतात, त्यामुळे परड्यात किंवा गोठ्यात नेलेला हँडसेट बेसला पारखा होतो. असा हँडसेट सतत बेसचा शोध घेत राहतो आणि त्यातच त्याची बॅटरी लवकर उतरते. ‘नवीन सेल घातले तरी टिकत नाहीत’ ही तक्रार पुष्कळदा बॅटरीची नसून बेस चुकीच्या जागी ठेवल्याची असते. बेस घराच्या मध्यभागी, कमरेइतक्या उंचीवर, चूल, गॅस आणि देवघरातील समईपासून दूर ठेवावा.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला संच मात्र येथे वापरू नये. त्याचा अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टसाठीच केलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. अडॅप्टर बदलला तरी त्या संचाचा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी असलेल्या पट्ट्यात येतो, त्यामुळे त्या परिसरातील मोबाईलसेवेत व्यत्यय येतो.

हँडसेटमध्ये पूर्वी निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असत. आता बहुतेकांत निकेल-मेटल हायड्राइड, आणि काही नव्या संचांत लिथियम-आयन बॅटरी असते. निकेलच्या दोन्ही प्रकारांत एका सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो, म्हणून दोन सेलांचा जोड २.४ आणि तीन सेलांचा ३.६ व्होल्टचा होतो. दुकानात मिळणारे नेहमीचे पेन्सिल सेल १.५ व्होल्टचे असतात आणि ते पुन्हा चार्ज करण्यासाठी केलेलेच नसतात. आकार तंतोतंत सारखा असल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळातले किंवा रिमोटमधले सेल हँडसेटमध्ये सहज बसतात, फोन काही काळ चालूही लागतो, आणि पुढे बेसवर ठेवताच त्यांच्यात विद्युतप्रवाह ढकलला जाऊ लागतो. अशा सेलात वायू साठतो, आतील द्रव झिरपतो आणि प्रसंगी सेल फुटतो. कॉर्डलेसच्या वापरातील सर्वांत सर्रास होणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक हीच आहे.

सीमाभागात ती टाळण्याच्या आड भाषाही येते. संचासोबतचे माहितीपत्रक बहुधा इंग्रजीत, कधी हिंदी किंवा कन्नडमध्ये असते, आणि घरात दिवसभर असणारी आजी केवळ मराठी वाचणारी असते. तिला पत्रक वाचून दाखवण्यापेक्षा सेलवरचा आकडा दाखवावा. आकडे सर्व सेलांवर एकाच पद्धतीने छापलेले असतात : १.२ असेल तर तो या फोनचा, १.५ असेल तर तो घड्याळाचा. ज्याच्यावर ३.७ छापले आहे तो लिथियमचा असतो. १०४४० या नावाने विकला जाणारा असा सेल बारीक पेन्सिल सेलाएवढाच दिसतो, पण निकेलच्या सेलांसाठी केलेल्या बेसवर तो चढवला तर आग लागू शकते. ज्या संचात मुळातच लिथियम बॅटरी आहे, त्यात निर्मात्याने सांगितलेलीच बॅटरी घालावी, आणि ती फुगलेली दिसली तर त्या क्षणापासून चार्जिंग थांबवावे.

नवी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी घातल्यावर पहिल्यांदा ती पत्रकात सांगितल्याप्रमाणे, साधारणपणे १४ ते १६ तास, न उचलता चार्ज होऊ द्यावी. सेलच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह, म्हणजे ६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलाला ६० मिलिअँपिअर, हे सावकाश चार्जिंगचे रूढ प्रमाण आहे. या काळात हँडसेट कोमट लागणे स्वाभाविक आहे. हातात धरवणार नाही इतका तापला तर तो बेसवरून काढून घ्यावा आणि ते सेल पुन्हा वापरू नयेत. जुना आणि नवा सेल जोडीने घालू नये, कारण कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो, त्यामुळे त्याची धन-ऋण टोके उलटी होतात. तारेच्या जोडणीची बॅटरी असेल तर लाल व काळ्या तारांची जागा आणि व्होल्टचा आकडा जुन्या बॅटरीशी ताडून पाहावा, केवळ जोडणी बसते एवढ्यावर विसंबू नये. बेसवरील व हँडसेटवरील धातूच्या पट्ट्या महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या फडक्याने पुसाव्यात. दमट पावसाळ्यात त्यांवर थर चढतो आणि बॅटरी अर्धवटच भरते. घर महिनाभर बंद राहणार असेल तर अडॅप्टर काढावा आणि सेलही बाहेर काढून ठेवावेत.

सुटे सेल खिशात किंवा पर्समध्ये नाणी, किल्ल्यांचा जुडगा, हेअरपिना यांच्यासोबत ठेवू नयेत. या सेलांचा अंतर्गत विरोध फार कमी असल्याने दोन टोके धातूने जुळताच कित्येक अँपिअर प्रवाह वाहतो आणि सेल पोळण्याइतका तापतो. निकेलच्या व अल्कलाइन सेलांतील द्रव हा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे तीव्र दाहक असतो. गळालेल्या सेलाभोवती जो पांढरा खडा जमतो तो हाताने खरवडू नये. हातमोजे घालून, कापसावर थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. त्वचेवर द्रव लागला तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेला तर तेथे लिंबू, दूध असे काहीही न घालता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि तसेच डॉक्टरांकडे जावे. लहान मूल सेल चोखताना आढळले तरी हेच गांभीर्य बाळगावे.

संपलेल्या सेलांचे काय करावे, या प्रश्नाकडे घरोघरी दुर्लक्ष होते. अंघोळीचे पाणी तापवण्याच्या बंबात किंवा चुलीत कचऱ्यासोबत सेलही टाकले जातात. बंद सेल तापला की आतील दाबाने फुटतो आणि राखेसह धातूचे कण उडतात. उकिरड्यावर टाकलेला सेल शेणखताबरोबर शेतात जातो. जुन्या निकेल-कॅडमियम सेलातील कॅडमियम हा मूत्रपिंडाला अपाय करणारा विषारी धातू आहे. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे भातपिके दूषित झाली आणि हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा वेदनादायी रोग पसरला. तंबाखूचे झाड मातीतील कॅडमियम विशेष प्रमाणात शोषून पानांत साठवते, ही गोष्ट निपाणीसारख्या तंबाखूच्या मुलखात प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एका घरातल्या दोन सेलांनी शेत बिघडत नाही हे खरे, पण गावभरचे सेल वर्षानुवर्षे त्याच उकिरड्यावर पडत राहणे वेगळे.

भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी पाच किलोंपेक्षा कमी वजनाच्या सीलबंद बॅटऱ्याही आपल्या कक्षेत घेतल्या. वापरकर्त्याने बॅटरी घरच्या इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलकाकडे द्यावी आणि ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकाने उचलावी, असे हे नियम सांगतात. बॅटरीवरील काट मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचे चिन्ह याच अर्थाचे आहे. सेल सोपवेपर्यंत दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव पडताना होणारा विजांचा कडकडाट हा दुसरा मोठा विषय आहे. अशा वेळी तारेच्या फोनवर बोलणे धोक्याचे असते. कॉर्डलेस हँडसेटवर बोलणाऱ्याचा तारेशी संबंध येत नसल्याने त्याला तो धोका नाही. बेसला मात्र दोन्ही बाजूंनी झटका बसू शकतो. केवळ अडॅप्टर काढून ठेवला तर खांबावरून येणारी दूरध्वनीची तार बेसपर्यंत वीज आणतेच, म्हणून ढग भरून येताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वी, दोन्ही जोडण्या काढाव्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या जिल्ह्यातील नदीकाठच्या घरांत पाणी शिरले होते. पुरात बुडालेला बेस किंवा अडॅप्टर वाळल्यासारखा दिसला तरी विजेला जोडू नये, आणि भिजलेले सेल टाकून द्यावेत.

वीज गेली की बेस बंद पडतो आणि हँडसेटची बॅटरी पूर्ण भरलेली असूनही फोन लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. तांब्याच्या तारेवर जोडलेला साधा फोन मात्र केंद्राच्या विजेवर चालत राहतो, म्हणून कॉर्डलेसच्या जोडीला असा एक फोन सोप्यात अवश्य ठेवावा. सीमेलगतच्या गावांत मोबाईल कधी महाराष्ट्राचा तर कधी गोव्याचा टॉवर पकडतो आणि ११२ ला लावलेला फोन शेजारच्या राज्यात जाऊ शकतो; स्थिर दूरध्वनीचा पत्ता ठरलेला असल्याने तेथे असा घोळ होत नाही. ज्या घरांत तांब्याच्या तारेऐवजी आता फायबर आली आहे, तेथे साधा फोनही घरातील ओएनटी या, फायबर जिला येऊन जोडलेली असते त्या, पेटीतून चालतो आणि वीज जाताच तीही बंद होते. अशा घरी ओएनटीसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस घेता येतो, पण कॉर्डलेसचा बेस त्याच तोंडाला जोडू नये. त्याचा अडॅप्टर बहुधा ६ ते ९ व्होल्टचा असतो आणि तो आकडा बेसच्या तळाशी छापलेला असतो.