ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला

चार्ल्सटनमध्ये कुणी ‘साउथ ऑफ ब्रॉड’ राहतो म्हणाला, की त्याच्या ऐपतीबद्दल वेगळं विचारावं लागत नाही. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या या शहराचं हे दक्षिण टोक. एका अंगाला अ‍ॅशली नदी, दुसऱ्या अंगाला कूपर आणि समोर बंदर. इथली जुनी घरं आज लाखो डॉलरना जातात. पण ती टिकली, यात श्रीमंतीपेक्षा गरिबीचा वाटा मोठा आहे.

वसाहत १६७० ची. इंग्रज आधी अ‍ॅशलीच्या पश्चिम तीरावर उतरले आणि १६८० मध्ये या टोकावर आले. कालवांच्या शिंपल्यांनी किनारा पांढरा दिसे, म्हणून नाव पडलं व्हाइट पॉइंट.

पैसा आला तो भातातून. भरतीच्या जोराने नदीचं गोडं पाणी खाचरात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. कोकण-गोव्याकडची खाजणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बांध आणि झडपा राखायला किती हात लागतात हे ठाऊक असेल. इथे ते हात गुलामांचे होते. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातली माणसं मळेवाल्यांना हवी असत. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरात उतरले, असा अंदाज आहे.

याच पैशावर शहरातली घरं उभी राहिली. त्यातलं खास चार्ल्सटनचं ते ‘सिंगल हाउस’: रुंदीला एकच खोली, अरुंद बाजू रस्त्याकडे आणि दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं वारं धरायला लांबलचक पडवी. तिला तिथे ‘पियाझा’ म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की माणूस घरात नव्हे, पडवीत येतो. मागच्या अंगणात स्वयंपाकघर आणि गुलामांच्या खोल्या. इथल्या जुन्या भिंतींत काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. ओली वीट उचलताना उमटलेले, काही तर लहान मुलांचे. या मोहल्ल्याच्या देखणेपणाबद्दल बोलताना मला आधी ते ठसे आठवतात.

किंग स्ट्रीटवरच्या माइल्स ब्रूटन हाउसच्या कुंपणावर लोखंडी भाल्यांची रांग आहे. ब्रूटन हा स्वतः गुलामांचा व्यापारी. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त कृष्णवर्णीयाचा गुलामांच्या उठावाचा बेत फुटला, त्याच्यासह ३५ जणांना फाशी झाली, आणि त्यानंतरच्या धास्तीत हे भाले बसवले असं सांगतात. आतली माणसं किती भिऊन राहत होती, ते अजून रस्त्यावरून दिसतं.

१२ एप्रिल १८६१ च्या पहाटे बंदरातल्या फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा सुटल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा लोक गच्च्यांवरून पाहत होते. चार वर्षांनी युद्ध संपलं, तेव्हा गुलामांच्या जिवावरची ती सगळी संपत्ती गेलेली होती. १८८६ च्या भूकंपात भिंती सुटल्या, तर आरपार लोखंडी सळ्या घालून त्या आवळल्या. त्या सळ्यांच्या चकत्या बाहेरून आजही दिसतात. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. ‘रंग परवडत नाही आणि चुना फासायला मन होत नाही,’ अशा अर्थाची म्हणच तिथे पडली. दैन्याने घरं राखली.

पुढे ती मुद्दाम राखली गेली. १९२० मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांनी जुन्या वास्तूंसाठी संस्था उभारली. १९३१ मध्ये शहराने ऐतिहासिक भागाचं रक्षण करणारा अमेरिकेतला पहिला कायदा केला. त्याच वर्षी डोरोथी लेग यांनी ईस्ट बे स्ट्रीटवरची मोडकळीला आलेली घरं घेऊन गुलाबी रंगवली आणि आजच्या ‘रेनबो रो’ची, म्हणजे रंगीबेरंगी घरांच्या ओळीची, सुरुवात झाली. फ्रॉस्टबाईंनी हे केलं नसतं तर पुष्कळ काही गेलं असतं, हे खरंच. पण यादवी युद्धानंतर या पडक्या घरांत भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबं कृष्णवर्णीय होती. घरं दुरुस्त झाली, भाव चढले आणि त्यांना निघावं लागलं. ज्यांच्या पूर्वजांनी त्या विटा पाडल्या, त्यांना त्या भिंतींआड राहणं परवडेनासं झालं. वारसा जपल्याचं कौतुक करताना हे गाळलं जातं, आणि ते मला खटकतं.

आता प्रश्न पाण्याचा. शहराचा बराच भाग खाड्या आणि दलदल बुजवून केलेला. गेल्या १०० वर्षांत समुद्र इथे सुमारे १ फूट चढला आहे. मोठ्या भरतीला, पाऊस नसतानाही, रस्त्यांवर खारं पाणी येतं. अ‍ॅशलीच्या बाजूची ‘लो बॅटरी’ ही संरक्षक भिंत नव्याने बांधून उंच केली. आणि घराच्या दर्शनी भागातला बारीकसा बदलही तपासणाऱ्या वास्तुमंडळाकडे आता अख्खं घर जॅकवर उचलून खालचा पाया वाढवण्याचे अर्ज येतात. ते मंजूरही होतात.