कॅस्पेस: मारेकरी म्हणवल्या जाणाऱ्या विकरांची पूर्वपीठिका

जूनचा पाऊस बरा झाला की सोलापूरजवळच्या होटगीच्या तलावाकाठी आणि आसपासच्या शेततळ्यांत बेडूकमासे वळवळू लागतात. काही आठवड्यांत त्यांना पाय फुटतात आणि शेपूट आखडत नाहीशी होते. ती गळून पडत नाही. तिच्यातल्या पेशी ठरल्या वेळी स्वतःला मोडतात आणि त्यातला माल शरीर पुन्हा वापरते. या मोडतोडीत कॅस्पेस नावाच्या विकरांचा (एन्झाइमांचा) मोठा वाटा असतो.

पेशी अशा मरतात, हे कार्ल फोग्ट याने १८४२ मध्येच एका भेकाच्या वाढीचा अभ्यास करताना टिपले होते. पण पुढची शंभरहून अधिक वर्षे ती एक किरकोळ नोंद राहिली. १९६४-६५ मध्ये रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांनी टसरच्या कुळातल्या रेशीमपतंगांवर काम केले. कोषातून बाहेर पडायला पतंगाला पोटाचे काही स्नायू लागतात, आणि बाहेर आल्यावर दोनेक दिवसांत तेच स्नायू मरून जातात. ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ ही कल्पना या कामातून रुजली. आपल्या जिल्ह्यातल्या तुतीवाल्या शेतकऱ्याला हे दृश्य क्वचितच दिसत असेल, कारण धाग्यासाठी विकलेल्या कोषातला पतंग बाहेर येण्याआधीच मारला जातो.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या मृत्यूला अपॉप्टोसिस म्हटले. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळतात आणि सूज येत नाही. सिव्हिल हॉस्पिटलशेजारी व्ही. एम. मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकणारी मुले नेक्रोसिस (इजेने पेशी फुटून होणारा मृत्यू) आणि अपॉप्टोसिस यांतला जो फरक पाठ करतात, तो इथून आला. हे घडवते कोण, याचे उत्तर मात्र तेव्हा कुणाकडेच नव्हते.

ते एका मिलिमीटरभर गोलकृमीने दिले. त्याच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये दाखवले की सेड-३ हे जनुक बिघडले तर त्या मरतच नाहीत. १९९३ मध्ये जुनयिंग युआन आणि सहकाऱ्यांना हे जनुक माणसाच्या एका विकराशी जुळलेले आढळले. गंमत अशी की ते मानवी विकर पेशीमृत्यूसाठी ओळखले जात नव्हतेच. ताप आणि दाह घडवणारा इंटरल्यूकिन-१ बीटा तयार करणारे विकर म्हणून त्याची ओळख आदल्याच वर्षी झाली होती. आज त्याला कॅस्पेस-१ म्हणतात.

मग हेच विकर आपल्या पेशी मारते का? १९९५ मध्ये ते नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची वाढ जवळपास नेहमीसारखीच झाली. पुढच्या वर्षी कॅस्पेस-३ काढलेल्या उंदरांच्या मेंदूत मात्र नको तितक्या पेशी साठल्या आणि ते लवकर मेले. कामाची वाटणी त्यातून स्पष्ट झाली: कॅस्पेस-८ आणि ९ सुरुवात करतात, ३, ६ आणि ७ पेशीतली शेकडो प्रथिने अस्पार्टेट या अमिनो आम्लापाशी कापतात, आणि कॅस्पेस-१ दाहाच्या बाजूला राहते. तन्तुकणिकेतून निसटलेले सायटोक्रोम सी हे प्रथिन कॅस्पेस-९ ला जागे करते, हे शियाओदोंग वांग यांच्या १९९६-९७ च्या कामाने दाखवले.

कृमीत साधी यंत्रणा, माणसात गुंतागुंतीची, म्हणजे उत्क्रांतीत ती हळूहळू वाढत गेली, असा समज यातून सहज झाला. मला वाटते, या विषयातली सर्वांत मोठी चकवणारी गोष्ट हीच. २००७ मध्ये एका समुद्रफुलाचा (सी ॲनिमोन या प्राण्याचा) जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात कॅस्पेस आणि त्यांना जागे करणारी प्रथिने भरपूर निघाली. कृमीच्या वंशातच बरेच काही गमावले गेले होते. २०१४ मध्ये तर माणसाच्या टीएनएफ या संदेश-प्रथिनाने प्रवाळाच्या पेशी मरतात, हेही दिसले.

प्राण्यांपलीकडे, वनस्पती आणि बुरशींत, मेटाकॅस्पेस हे कॅस्पेसचे दूरचे नातलग आहेत. ते अस्पार्टेटपाशी नव्हे, आर्जिनिन किंवा लायसिनपाशी कापतात, म्हणून त्यांना सरळ कॅस्पेस म्हणणे चुकीचे. मुळे जिवाणूंपर्यंत जातात. कॅस्पेस-१ गॅस्डर्मिन नावाच्या ज्या प्रथिनाला कापून पेशीपटलाला छिद्रे पाडवते, त्याचे नातलग जिवाणूंतही सापडले. विषाणू शिरला की तो जिवाणू स्वतः मरतो आणि उरलेले वाचतात.

मारण्याशिवायही या विकरांना कामे आहेत. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्वचेच्या वरच्या थरातला ओलावा टिकवण्यात कॅस्पेस-१४ चा हात असतो. फळमाशीच्या शुक्राणूंना सुटे करतानाही कॅस्पेस लागतात, आणि त्या पेशी मरत नाहीत.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारे कॅस्पेस-८. ते नसेल तर पेशी जास्त जगायला हव्यात. उंदराचे भ्रूण मात्र गर्भातच मरते, कारण कॅस्पेस-८ एरवी नेक्रॉप्टोसिस हा दुसरा, दाह पेटवणारा मृत्यू दाबून ठेवते. २०११ मध्ये त्या दुसऱ्या वाटेवरचे आरआयपीके-३ हे विकरही काढून टाकले, तेव्हा उंदीर जन्मले आणि वाढले.