गिअरच्या दांड्यातला १० मिलीमीटरचा प्ले

गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात माझा तिसरा गिअर दोनदा चुकला. दुसऱ्यातून काढून वर सरकवला तर दांडा नेमका कुठे चाललाय तेच हाताला कळेना, एकदा तर सरळ पाचव्यात जाऊन बसला, इंजिन धडधडायला लागलं, गाडी जागच्या जागी मेल्यासारखी झाली आणि मागे भरलेला डंपर. घरी आल्या आल्या मी ऑनलाइन शॉर्ट शिफ्टर, म्हणजे दांड्याची चाल कमी करणारा सुटा भाग, आणि जड नॉब, म्हणजे दांड्याच्या डोक्यावरची मूठ, बघायला घेतले, कारण सगळीकडे तेच सांगतात, गिअरचा फील सुधारायचा तर हे दोन बसवा. नशिबाने ऑर्डर देण्याआधी गाडी चाचांकडे नेली.

चाचा म्हणजे आमचे मेकॅनिक, साठीच्या पुढचे. त्यांनी गाडी न्यूट्रलला ठेवून दोन बोटांनी नॉब डावी-उजवीकडे हलवून बघितला, मग बॉनेट उघडलं, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि गिअरबॉक्सच्या डोक्यावर जिथे केबल येऊन बसतात तिथे टॉर्च मारला. "ताई, गिअरबॉक्सला काही झालं नाही, बुश गेलंय." केबलच्या टोकातून त्यांनी स्क्रूड्रायव्हरने एक काळी प्लास्टिकची रिंग उचकटली आणि माझ्या तळहातावर ठेवली, अंगठीएवढीसुद्धा नसेल. "भोक बघा. गोल होतं, अंड्यासारखं झालंय."

एवढीशी रिंग घाटात गिअर चुकवते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

आजच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, पुढे बॉनेटखाली. तुमच्या हातातला दांडा मात्र दोन सीटच्या मध्ये. या दोघांना जोडतात दोन केबल, एक दांड्याची पुढे-मागे हालचाल पोचवते आणि दुसरी डावी-उजवी, म्हणजे कुठल्या खाचेत जायचं ते ठरवणारी. दांडा खालच्या पिव्हटवर टेकलेला तरफ आहे, शाळेत शिकलो तीच तरफ. पिव्हटच्या वर लांब हात, खाली आखूड. समजा वरचा हात २४० मिमी आणि खालचा ४० मिमी, तर प्रमाण ६ ला १, खाली केबल १० मिमी ओढायची तर वर नॉब ६० मिमी हलवावा लागतो, आणि त्या बदल्यात हाताचा जोर खाली सहापट होऊन पोचतो. पण तरफ जोर वाढवते तसा प्ले, म्हणजे जोडांमधला ढिलेपणा, सुद्धा वाढवते, ती भेदभाव करत नाही. खाली २ मिमीचा ढिलेपणा असेल तर वर तो पाच-सहापट होऊन हाताला येतो. माझ्या गाडीत मी पट्टी लावून मोजलं, दोन खाचांमधलं आडवं अंतर नॉबपाशी साधारण ४० मिमी होतं आणि त्यातले जवळजवळ १० मिमी नॉब नुसता हवेत हलत होता. पाव अंतर हातातून गेलं की तिसरा कुठे संपतो आणि पाचवा कुठे सुरू होतो हे हाताने ओळखायचं कशावरून?

जितके जोड जास्त तितका हा प्ले साठत जातो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी आठवतात ना, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्यांचा गिअर स्टिअरिंगखाली असायचा. तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत दांड्या, कोपरे, पिना अशी लांबच लांब साखळी. प्रत्येक पिनेत अर्धा मिलीमीटर झीज धरली तरी शेवटी दांडा डाव-उलथन्यासारखा फिरायचा, आणि तरीही ते टॅक्सीवाले दिवसभर गर्दीतून बिनचूक गिअर टाकायचे, मला त्यांच्या हातांबद्दल मनापासून आदर आहे. याच्या अगदी उलट टोकाला माझदाची एमएक्स-५, १९८९ साली आलेली छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन उभं, मागची चाकं गाडी ढकलणार, त्यामुळे गिअरबॉक्स थेट ड्रायव्हरच्या कोपराखाली येतो आणि दांडा सरळ त्याच्यातच घुसतो, मध्ये केबलच नाही. तिच्या गिअरचं जगभर कौतुक होतं त्यातलं अर्धं श्रेय मी तरी या मांडणीलाच देईन.

आता दांड्याच्या त्या टोकाला काय चाललेलं असतं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. गिअर टाकतो म्हणजे आपण दोन दातेरी चाकं एकमेकांत घुसवतो असं बऱ्याच जणांना वाटतं. पूर्वी तसंच होतं. आता पुढे जाणाऱ्या सगळ्या गिअरची चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात, फक्त शाफ्टवर मोकळी फिरत असतात, आणि आपण दांड्याने एक स्लीव्ह, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणारं कडं, सरकवून त्यातलं एक चाक शाफ्टला कुलूप लावल्यासारखं बांधून टाकतो. अडचण अशी की बांधायच्या क्षणी दोघांचा वेग वेगळा असतो. साध्या गाडीचा दुसरा गिअर १.९ आणि तिसरा १.२८ रेशोचा धरा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनकडचा शाफ्ट तितके फेरे घेतो. दुसऱ्यात इंजिन ३००० आरपीएमला असताना तिसरा टाकायचा तर क्लचच्या पलीकडचा शाफ्ट, त्याच्यावरच्या क्लच प्लेटसकट, ३००० वरून साधारण २००० वर यायला हवा, तोही डोळ्याची पापणी लवेपर्यंत. हे काम करते एक पितळी रिंग, तिला सिंक्रोनायझर म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं सिंक्रो.

चाचांच्या टेबलावर एका उघडलेल्या गिअरबॉक्सची अशी रिंग पडली होती, ती मी हातात घेऊन बघितली. बाहेरून छोटे टोकदार दाते, आतून निमुळती, फनेलसारखी, आणि आतल्या बाजूला बारीक आटे, नख फिरवलं तर खर्रर्र लागतात. ही निमुळती रिंग चाकावरच्या तशाच निमुळत्या शंकूवर दाबली जाते, घासली जाते आणि ब्रेकसारखी काम करून दोघांचा वेग एक करते. उतार फक्त ६-७ अंशांचा ठेवलेला असतो, त्यामुळे पाचर ठोकल्यासारखं होतं, थोड्या जोरात भरपूर घर्षण. आणि वेग जुळेपर्यंत बाहेरचे टोकदार दाते स्लीव्हला वाटेत अडवून धरतात. दांडा पुढे सरकताना मध्येच जो क्षणभर अडल्यासारखा वाटतो आणि मग एकदम लोण्यात सुरी गेल्यासारखा आत जातो ना, तेच हे अडवणं आणि सोडणं. ते बारीक आटे कशासाठी? सगळं तेलात बुडालेलं, आणि तेलाचा थर मध्ये असला की घर्षण होणारच नाही, म्हणून आटे तो थर कापून बाजूला सारतात. आटे झिजून गुळगुळीत झाले की रिंग तेलावर घसरते, वेग जुळत नाही, स्लीव्ह तशीच आत घुसते आणि मग तो अंगावर काटा आणणारा खर्र आवाज.

ही युक्ती आली १९२८ मध्ये, कॅडिलॅकच्या गाड्यांत, अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरची. त्याआधी वेग जुळवायचं काम ड्रायव्हरचं. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, जुन्या गाड्यांवर ते डबल क्लच मारायचे, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक ठोसा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. त्यांच्या पायाने जे व्हायचं ते आता ती पितळी रिंग करते. बाबा शिकवताना म्हणायचे, गिअर ढकलू नको, त्याला जाऊ दे. त्याचा अर्थ मला ती रिंग हातात घेतल्यावर कळला.

एवढं डोक्यात ठेवलं की शॉर्ट शिफ्टरचा हिशोब आपोआप उलगडतो. शॉर्ट शिफ्टर करतो काय, तर पिव्हटखालचा हात लांब करतो. मघाचा ४० मिमीचा हात ५० केला की प्रमाण ६ वरून ४.८ वर येतं, नॉबची चाल ६० मिमीवरून ४८ वर, म्हणजे २० टक्के कमी, मस्त. पण त्याच हिशोबाने हाताला जोर २५ टक्के जास्त लावावा लागतो, ऊर्जा काही फुकट मिळत नाही. आणि सिंक्रोला वेग जुळवायला जोर गुणिले वेळ असं ठरलेलं माप लागतं. तुम्ही हाताचा जोर तेवढाच ठेवलात तर रिंगवर जोर कमी पडतो आणि तिला जास्त वेळ लागतो, दांडा अडखळल्यासारखा वाटतो, आणि मग माणूस चिडून ढकलतो. खालचा गिअर टाकताना हे जास्त जाणवतं, कारण वर जाताना शाफ्ट मंद करायचा असतो आणि तेलाची ओढ त्याला मदतच करते, खाली येताना मात्र त्याला पळवायचं असतं आणि तेल विरोधात. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरला एकाऐवजी दोन किंवा तीन शंकूंचे सिंक्रो दिलेले असतात. बाकी लोकल गॅरेजमध्ये दांडा कापून वेल्डिंग करून शॉर्ट करून देतात ते कृपा करून करू नका, घाटात वेल्ड तुटून दांडा हातात आला तर काय करणार.

जड नॉबचं विज्ञान वेगळं आहे आणि मला ते फार आवडतं. ६० मिमी चाल एक दशांश सेकंदात झाली तर नॉबचा वेग सेकंदाला ०.६ मीटर. १०० ग्रॅमच्या नॉबमध्ये तेव्हा ०.०१८ ज्यूल ऊर्जा असते, ४०० ग्रॅमच्या नॉबमध्ये ०.०७२. दिसायला किरकोळ, पण गिअरबॉक्समध्ये दांडा जागेवर धरून ठेवायला स्प्रिंग आणि गोळीचा खटका असतो, तो ओलांडायला साधारण २० न्यूटन, म्हणजे २ किलोच्या वजनाएवढा जोर, चार-पाच मिलीमीटरभर चढत-उतरत लागतो असं धरलं तर ढोबळ हिशोबाने ०.०५ ज्यूल होतात. म्हणजे जड नॉब एकदा निघाला की तो खटका जवळपास स्वतःच्या वेगातच पार करतो, हाताला टोचणारी टोकं बोथट होतात. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे, बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या वरच्या लिव्हरवर लोखंडाचा गोळा बसवलेला सापडेल, तो याचसाठी. मी शेवटी नॉब घेतला पण स्टीलचा नाही, डेलरिनचा, म्हणजे एक कडक घट्ट प्लास्टिक. कराडला एप्रिलमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आठवा. स्टील आणि प्लास्टिक दोन्ही तेवढेच तापतात, पण स्टेनलेस स्टील प्लास्टिकच्या साधारण चाळीस-पन्नास पट चांगलं उष्णता वाहून नेतं, म्हणून तळहाताला चटका त्याचाच जास्त बसतो. डेलरिन वजनाला कमी, तेवढं मी सोडून दिलं.

बुशकडे परत येते. नवं बुश तीन प्रकारचं मिळतं, कंपनीचं रबर-प्लास्टिकचं, पॉलियुरेथेनचं आणि पितळेचं. पितळेचं सगळ्यात घट्ट, पण आपल्या तळहातात पॅसिनी नावाची सूक्ष्म संवेदक बोंडं असतात, ती सेकंदाला २५० च्या आसपासच्या थरथरीला सगळ्यात जास्त जागी होतात, आणि इंजिन-गिअरबॉक्सची बारीक थरथर त्या पट्ट्यात भरपूर असते. रबर ती गाळून टाकतं, पितळ जशीच्या तशी हातात आणून देतं. ट्रॅकवर पळवणाऱ्याला तेच हवं असेल, मला रोज ऑफिसला जाताना नको होतं, म्हणून मी कंपनीचंच बसवलं. आणि जाता जाता इंजिन माउंटिंगसुद्धा, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारावर टेकतं ते, बघून घ्या, ते खचलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनच पुढे-मागे डुलतं आणि केबलला ओढतं.

तेलाचंही थोडं. गिअर ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं हा समज सरसकट खरा नाही, निदान मॅन्युअल उघडून बघा. साधारण ७५ डब्ल्यू ९० ग्रेडचं तेल १०० डिग्रीला जितकं पातळ असतं त्याच्या सहा-सात पट ४० डिग्रीला घट्ट असतं, थंडीत पहाटे तर त्याहून किती तरी जास्त, म्हणून महाबळेश्वरला सकाळी दुसरा गिअर रुसतो आणि दहा मिनिटांनी माणसात येतो. पण मॅन्युअलमध्ये तेलाचा दर्जा जीएल-४ लिहिलेला असेल तिथे जास्त भारी म्हणून जीएल-५ ओतू नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं साधारण दुप्पट असतात, ती डिफरन्शिअलच्या, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतल्या, जड दात्यांसाठी, पितळी रिंगला ती त्रासदायक ठरू शकतात आणि घर्षणही कमी करतात. सिंक्रोचं सगळं काम घर्षणावर चालतं हे मघाशी बघितलंच.

आणि हे सगळं करायच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा, मग चालू करून, क्लच पूर्ण दाबून. बंद असताना मऊ आणि चालू असताना कडक, तर दोष दांड्याचा नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये, शाफ्ट इंजिनबरोबर फिरतोच आहे आणि बिचारी रिंग इंजिनाशी कुस्ती खेळतेय. कधी कधी कारण फक्त पेडलखाली गोळा झालेला जाड मॅट असतो. रिव्हर्स टाकताना खर्र वाजतं त्याचंही कारण शाफ्ट अजून फिरत असणं हेच, अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा किंवा आधी पहिला गिअर टाकून शाफ्ट थांबवा आणि मग रिव्हर्स, आवाज येणार नाही.

चाचांनी नवं बुश ग्रीस लावून अंगठ्याने दाबलं, टक् असा आवाज आला. केबलची सेटिंग करून त्यांनी मला सीटवर बसवलं, "आता हलवा." पट्टी लावली तर आडवा प्ले २ मिमीसुद्धा नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याच घाटात, त्याच वळणावर मी तिसऱ्यातून दुसरा टाकला. नॉब हलकेच दाबून ठेवला, रिंग क्षणभर अडली ते तळहाताला स्पष्ट कळलं, आणि गिअर गेला. शॉर्ट शिफ्टर अजून कार्टमध्येच आहे.