जोत्याची ओल : पुण्याच्या वाड्यांतल्या एका वादाची पार्श्वभूमी

पेठांमध्ये उरलेल्या वाड्यांच्या तळमजल्यावर ओल आली की सिमेंटचा गिलावा करायचा की असलेला काढून टाकायचा, हा वाद गेल्या साठेक वर्षांतला आहे. त्याआधी तो उद्भवण्याचे कारण नव्हते. घडीव काळ्या दगडाचे जोते, वर लाकडी सांगाडा, विटांच्या किंवा मातीच्या भिंती आणि बैल जुंपलेल्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेला चुना, असे ते बांधकाम. जमिनीतले पाणी भिंतीत चढे आणि चुन्यातून उडूनही जाई.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे बसले. पाण्यात विरघळली ती माती. पण अविश्वास चुन्याच्याही वाट्याला आला, आणि हे अन्यायाचे होते. गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. जुन्या पेठांत जे वाडे टिकले, त्यांत डागडुजी सुरू झाली.

ती करायची कोणी, याचे उत्तर भाडेकायद्यात आहे. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. मालकाला खर्च परवडेना, आणि भाडेकरू आपल्या दोन खोल्यांपुरतेच पाहणार. त्यातून सिमेंट सरकारी परमिटवरच मिळे. मिळालेल्या एक-दोन पोत्यांत जिथे ओल दिसते तिथे, कमरेपर्यंत, थर चढवायचा. त्या भाडेकरूंना दोष देता येत नाही. १९८२ मध्ये सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. मग पोते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले, घाण्या बंद पडल्या आणि चुन्यात हात बसलेले गवंडी दुर्मिळ झाले. तात्पुरता उपाय तेव्हापासून नेहमीची पद्धत होऊन बसला.

यात बिघडते काय? सिमेंटचा घट्ट थर बाहेरून कोरडा दिसतो, पण आतले पाणी अडते. ते वाट शोधत वर सरकते आणि थर संपतो तिथे बाहेर पडते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. या क्षारांचा लोणा लागतो तो याच रेषेवर. तिथला पोपडा बोटाने दाबला की पिठासारखा भुगा होतो; मागची वीटही खरवडली तर लाल पूड हातात येते. मग कोणी चार फुटांपर्यंत टाइल्स लावतो. वर्ष-दोन वर्षांत टाइल्सच्या वर नवी रेषा उमटते आणि लाकडी खांबाचा पाया कुजू लागतो. खरे नुकसान हे, कारण वाड्याचा भार त्या खांबांवर असतो.

सिमेंटची बाजू घेणारे सांगतात की चुन्याचे काम वाळायला वेळ घेते, महाग पडते आणि राहत्या घरात जमत नाही. वेळेबद्दलचा आक्षेप रास्त आहे.

नव्वदीनंतर दुखणे बाहेरूनही वाढले. अंगणातली शहाबादी फरशी जाऊन तिथे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आले, त्यामुळे जोत्यालगतची माती झाकली गेली. जुन्या गटाराच्या किंवा फुटक्या नळाच्या पाण्याने खालची भर वाहून जाते आणि काँक्रीट भिंतीच्या बाजूला खचते. खचलेल्या भागावर नुसताच नवा थर ओतायचा, ही सर्रास चाल. पाण्याचा उतार घराकडेच राहतो. रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले, तसे काही ठिकाणी अंगण रस्त्याच्या खाली गेले. पावसाळ्यात तळघरात साचणारे पाणी पुष्कळदा असे वरून आलेले असते, तरी दुरुस्ती मात्र आतल्या भिंतींची होते.

अलीकडे जोत्यात भोके पाडून ओल अडवणारे रसायन भरण्याची पद्धत आली आहे. ती गॅरंटीसह विकली जाते, म्हणून लोकप्रिय आहे. पण दगड आणि भर यांच्या ओबडधोबड भिंतीत रसायन सलग पसरेलच असे नाही. जतनाचे काम करणारे आधी अंगणाचा उतार फिरवतात, गळका नळ बदलतात, लोणा लागलेल्या रेषेच्या वर फूटभरापर्यंतचा सगळा गिलावा, सिमेंटसकट, उतरवतात आणि भिंत उन्हाळाभर उघडी ठेवतात. चुन्याचा हात त्यानंतर.